लाईट गेली का?

भिवंडीहून परदेशी निघालेल्या माणसाला विमानाची भीती नंतर वाटते, आधी अंजूरफाट्याची वाटते. आमचं विमान रात्री दोनचं. अण्णांनी संध्याकाळी पाचलाच गाडी दारात उभी केली. "कशेळीला अडकलो तर विमान काय आपल्यासाठी थांबणारे?" त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

बॅगांचं वजन शेजारच्या कारखान्यात झालं. सुताची पोती ज्या काट्यावर चढतात, त्याच काट्यावर ताईचे कडवे वाल, मेतकूट आणि सुकट चढली. दुधाचं काही आणू नका, असं तिनं बजावलं होतं. "मग पोरीनं खायचं तरी काय?" हे आई वजन होईपर्यंत विचारत राहिली. काट्यावरच्या पोरानं सवयीनं विचारलं, "पावती कुणाच्या नावानं?"

ताईचं घर मँचेस्टरजवळ. टुमदार, उबदार आणि भयंकर शांत. अण्णा पहिल्या रात्री टक्क जागे. ताई म्हणाली, जेट लॅग. चौथ्या रात्रीही ते जागेच राहिले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गल्लीतली झोपच मुळी उलटी आहे. भिंतीपलीकडे रात्रभर माग चालतात आणि त्या खटखटीत तान्ही पोरं गाढ झोपतात. रात्री लाईट जाते, माग थांबतात, तेव्हा अख्खी गल्ली दचकून उठते आणि दारं उघडून चौकशा करते. बोलणंही त्याच हिशोबाचं. अण्णांनी "चहा टाक गं" म्हटलं की ताईच्या शेजारणीच्या खिडकीचा पडदा हलायचा.

पाचव्या दिवशी ताईनं आम्हाला बर्नलीला नेलं, क्वीन स्ट्रीट मिल बघायला. १८९४ साली बांधलेली, वाफेच्या इंजिनावर चालणारी ही कापडगिरणी १९८२ साली बंद पडली; आता तिथं संग्रहालय आहे. १९८२ म्हटल्यावर अण्णा थबकले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, गिरण्यांचं बरंचसं काम आमच्या मागांकडे वळलं आणि अण्णांनी मोडीतले चार माग घेऊन धंदा मांडला. इथल्या शेवटच्या विणकरांनी काम संपवलं, त्या सुमारास अण्णा पहिलं बीम चढवत होते.

तरीही तिकीट काढून माग बघायचे, हे काही त्यांना पटेना. "आपल्याकडे फुकट दिसतात. वर मालक चहा पाजतो."

आत तीनशेच्या वर माग, ओळीनं. छताजवळ फिरता दांडा, त्यावरून खाली उतरलेले चामडी पट्टे. माहिती सांगणाऱ्या आजीबाईंनी दोन-तीन माग सुरू केले आणि अण्णांची मान पहिल्यांदा ताठ झाली. एका मागापाशी वाकून त्यांनी क्षणभर आवाज ऐकला. मला म्हणाले, "त्यांना सांग, पिकर झिजलाय. उद्या धोटा उडेल." मी जमेल तसं इंग्रजी केलं. त्यात 'पिकर' तेवढं करावं लागलं नाही.

मग आजीबाईंनी 'मी-मॉ' करून दाखवलं. या गोंगाटात विणकर बायका ओठ ताणताणून, हातवारे करून बोलायच्या, त्या बोलण्याचं हे नाव. आम्ही कौतुकानं बघत होतो. आईला त्यात कौतुकासारखं काही दिसेना. कारखान्याच्या दारात उभं राहून "जेवायला चला, पाहुणे आलेत, तुमच्याकडचेच आहेत" एवढं सगळं ती वर्षानुवर्षं तोंडातून शब्द न काढता सांगत आली आहे. तिनं ते तिथंच करून दाखवलं. आजीबाई खळखळून हसल्या. मग दोघींचं जे सुरू झालं, त्यात इंग्रजी येणारे आम्ही बाजूला पडलो. बाहेर आल्यावर आईनं खबर दिली, "सुनेशी पटत नाही हो तिचं."

पण बाहेर येण्याआधी अण्णांना शोधावं लागलं. ते भिंतीकडेच्या बाकावर सापडले. मान कलंडलेली, तोंड उघडं. पाच रात्रींची झोप त्या खटखटीत एकदम उतरली होती. ताई हलवायला निघाली, तर आईनं नुसता हात वर करून तिला थांबवलं. आम्ही उगाचच दुसरा एक माग फार बारकाईनं बघत राहिलो.

शेवटी वेळ संपली. आजीबाईंनी एकेक माग थांबवला. शेवटचा धोटा पेटीत जाऊन बसला आणि सगळं शांत झालं.

अण्णा दचकून उठले. "लाईट गेली का?"