आधी अनुभव, मग विमान

पुण्याच्या मंडईत वांगी निवडता निवडता मावशींना सांगितलं, शेजारचा मुलगा पायलट झालाय, पण घरीच बसलाय. तराजू अधांतरी थांबला. "का हो?"

म्हटलं, सरकारी परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. चार्टर कंपन्यांना मात्र बहुधा त्यांच्याच विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची खास पात्रता, हवं असतं, वर त्यावरचा अनुभवही. रेटिंगला पदरचे लाखो रुपये, आणि अनुभव? तो नोकरीत मिळतो!

"म्हणजे गाळ्यावर बसायला आधी गाळ्यावर बसलेला हवा?" मावशी हसल्या. "आमची पोरं तराजू उचलता येण्याआधीच इथं बसतात."

1886 सालच्या या अष्टकोनी इमारतीत धंदा असाच शिकवला जातो. तयार वैमानिक हवा असेल, तर पहिली संधी कुणीतरी द्यायलाच हवी. एवढा हिशेब मंडईला कळतो.