आधी पडून या!

"काय निवडायल्यात काकू?"

"तूर गं. वारं सुटलंय तवर पाखडून घेते. मागच्या गल्लीतल्या भाऊंचं कळलं का? नगरपालिकेला पडल्यापासून रामराम बी घेईनात."

"मतं मागायला तर तीनदा आले होते आमच्या उंबऱ्यावर! बिनसाखरेचा चहा गोड मानून प्याले."

"पडलं की तोंड फिरवायचंच असं काई नाई. सांगोल्याचे गणपतराव देशमुख बघ. माझी मावसबहीण दिलीय पंढरपूरकडं, ती लई सांगती त्यांचं."

"ते शेतकरी कामगार पक्षाचे, शेकापचे? एसटीनं फिरणारे आमदार?"

"तेच. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, २०१४ ला अकराव्यांदा. वय ८८. तालुका तोच, पक्ष तोच."

"आमचा पोरगा मोबाईलवर वाचून सांगत होता, अमेरिकेत रॉबर्ट बर्ड म्हणून होते, ५१ वर्षं सिनेटर. २०१० ला गेले ते पदावर असतानाच."

"पडले का कधी?"

"एकदाबी नाई म्हणे."

"मग त्यांचं काय कौतुक! गणपतराव दोनदा पडले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पडले ते १९२ मतांनी!"

"अगं बाई! एवढी तर आपल्या गल्लीत निघतील. पाडलं कोणी?"

"शहाजीबापू पाटलांनी."

"ते गुवाहाटीचे? झाडी-डोंगारवाले?"

"तेच की! पण १९९९ ला गणपतराव परत निवडून आले अन् मंत्रीबी झाले. १९७८ ला पवारांच्या पुलोद सरकारमधीबी होते मंत्री."

"पडल्यावर दुसरा पक्ष नाई धरला?"

"नाई. अन् शेकापला दिवस तरी कुठं चांगले होते? आपल्याकडं कंधारचे केशवराव धोंडगे १९७७ ला त्याच पक्षाकडून खासदार झाले. आता लाल बावटा हुडकावा लागतो. पण ह्यांनी दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी केली, बायांची वेगळी. कापसाचा मुलूख आपला, अन् गिरणीचं नाव सांगोल्याचं!"

"पुढं घरातलंच कोणी बसलं असंल की गादीवर."

"२०१९ ला म्हातारा थांबला, नातू अनिकेत उभा राहिला. बापूंनी पाडलं, ७६८ मतांनी. २०२१ ला गणपतराव गेले, ९४ वर्षांचे होऊन. २०२४ ला दुसऱ्या नातवानं, बाबासाहेबानं, बापूंना पाडलं."

"म्हणजे घराणेशाहीच ना काकू!"

"हाय, नाई कोण म्हणतंय? पण आजा जिवंत असताना नातवाला पाडलं ना लोकांनी? नुसत्या नावावर भागलं नाई. मी तर ठरवलंय, आता मतं मागायला कोणी आलं की इचारायचं, पडल्यावर कुठं होतात?"

"अन् पहिल्यांदाच उभा राहिला असंल तर?"

"तर म्हणायचं, आधी पडून या!"