पावणेदोन सूत

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. या दोन वारी अप्पांना घरी शोधू नये. निवृत्त होईपर्यंत ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. आता टूलरूम त्यांच्या घरात आहे आणि काकू तिच्यातून वाट काढत स्वयंपाकघरात जातात.

सध्याचं प्रकरण रंध्याचं आहे. स्टॅनलीचा चार नंबर, अमेरिकन बनावटीचा, पार गंजलेला. अप्पांनी तो रॉकेलात बुडवला, घासला आणि पात्याला अशी धार लावली की मनगटावरचे केस उडावेत. (त्यांच्या डाव्या मनगटावर आता केस नाहीत.) उणीव फक्त एक. मागची लाकडी मूठ बिडाच्या बुडाशी आवळून धरणारा लांब बोल्टच गायब.

तुम्ही-आम्ही म्हणू, बोल्ट काय, बोहरी आळीत किलोवर मिळतात. अप्पाही तिथेच गेले.

"शेठ, पावणेदोन सुती, इंचाला वीस आट्यांचा बोल्ट आहे?"

"दोन सुती घ्या ना काका."

"जात नाही."

"मग एम फाइव्ह घ्या."

"नाचतो."

"मग रंधाच नवीन घ्या."

अप्पांनी दुकान बदललं. दुकानदाराचीही चूक नाही. हा बोल्ट साडेपाच मिलिमीटरला केसभर कमी भरतो, आणि त्या मापाचं आज कोणी काही ठेवत नाही. व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्रजांच्या आट्यांना ५५ अंशांची शिस्त लावली, अमेरिकनांनी पुढे ६० अंश धरले, मीटरवाल्यांनी तर इंचच मोडीत काढला. आणि स्टॅनलीने या सगळ्यांच्या मधलंच एक माप धरून ठेवलं. हा इतिहास आमच्या सोसायटीत दूधवाल्यालाही तोंडपाठ आहे. पैसे मागायला तो हल्ली काकू दिसल्या तरच थांबतो.

लेथवाल्याने सरळ उपाय सांगितला. "आटे वीसच आहेत ना? पाव इंची टॅप मारा. जुन्याच वाटेने उतरेल, मग दोन सुती बोल्ट आरामात बसेल." सल्ला अगदी चोख होता, अप्पांनाही ते ठाऊक होतं. पण त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने गणपतीची सोंड सरळ करायला सुचवलं.

मग बोल्टसाठी दुसरा मोडका रंधा विकत घेणं आलं. तो आणला, आणि त्याचा बोल्ट शाबूत निघाला! पण हा पहिल्यापेक्षा जुना. याचा बोल्ट काढून त्याला घालायचा? अप्पांच्या मनाला ते पटेना. उलट याची पुढची मूठ नव्हती, म्हणून तिच्यासाठी तिसरा आला. तिसऱ्याचं पात्यामागचं पितळी चाक अडकलेलं. त्याचे आटे डावे असतात, हे न कळलेल्या कोणी तरी ते पकडीने उलटं पिळून ठेवलं होतं. त्या अज्ञात इसमाबद्दल अप्पा जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

शेवटी बोल्ट लेथवरच कापायचं ठरलं. हत्याराला ६० अंशांची धार अप्पांनी स्वतः दिली, गियर स्वतः मोजून लावले, आणि लेथवाल्याला त्याच्याच लेथवरून उठवून चहाला पाठवलं. बोल्ट सुरेख बसला. पण फार चकाकत होता. मग तो गॅसवर लालभडक करून जळक्या ऑइलात बुडवला, काळा केला. घरभर तीन दिवस गॅरेजचा वास, आणि काकू माहेरी.

त्या परत आल्या त्या ऐन पावसात. न्हाणीघराचं दार फुगलं होतं, लाथ मारल्याशिवाय लागत नव्हतं. काकू म्हणाल्या, "झाला ना तुमचा रंधा? मग जरा दाराची कड मारून द्या."

अप्पा हबकले. "दाराला? अगं, त्यात खिळे असतात!"

सुतार उद्या येतोय. आपला रंधा आपणच घेऊन ये, असं अप्पांनी त्याला फोनवर दोनदा बजावलंय.