कंपनीचा आवाज

बीडमध्ये नवी बुलेट आली की आधी पेढे वाटतात, मग कंपनीचा सायलेन्सर काढतात. चेन्नईच्या इंजिनिअरांनी मेहनतीने जुळवलेली धडधड एमएच-२३च्या मालकाला मिळमिळीत वाटते. मग ‘इंदोरी’ नाहीतर ‘पंजाबी’ नळकांडं चढतं. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा फिरवली, की न जळलेलं पेट्रोल तापल्या नळकांड्यात पेटतं आणि फटाका वाजतो. शंभरीपारचं पेट्रोल भाऊ अंतर कापायला नव्हे, म्हाताऱ्यांना दचकवायला जाळतात. दानत लागते!

गाडीचं मूळ रूप बदलू नका, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावलं. मोटारीच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर तर २०१२ पासूनच बंदी. पण पाटीवर ४१४१चा ‘दादा’ झालेला असला की त्याला अडवणार कोण? राज्यात अधूनमधून जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरतो, पेपरात फोटो येतो, तोवर गॅरेजात नवा माल उतरलेला असतो.

गंमत गाडी विकताना. गिऱ्हाईक विचारतं, “सगळं ओरिजनल आहे ना, दादा?”

“एकदम! कंपनीचा सायलेन्सर घरी पोत्यात बांधून ठेवलाय. एक दिवस वापरला नाही.”