बावीस इंची पुरुषार्थ

मे महिना उतरणीला लागला की मुंबईतल्या भोईवाड्यात फांद्या छाटणारी यंत्रकरवत गुरगुरू लागते आणि नाक्यानाक्यावर तज्ज्ञ उगवतात. गुलमोहराची मनगटाएवढी फांदी पाडायला ५८ सीसीचे इंजिन आणि २२ इंची पट्टी! जळाऊ लाकडाचे तुकडे करायला १६ ते १८ इंच पुष्कळ झाले. पण नागदेवी स्ट्रीटच्या अवजार-बाजारात जाऊन कमी इंच मागणे म्हणजे खानदानाच्या नावाला बट्टा.

मग सुधारणा सुरू होतात. सायलेन्सरला भोके पाडली की आवाज थेट शिवडीपर्यंत जातो. म्हणजे ताकद वाढलीच असणार! कार्ब्युरेटर त्यानुसार जुळवला नाही तर पिस्टन तापून चिकटतो, हे त्या गोंगाटात ऐकू कुणाला येणार? साखळीला कानस मात्र कोणी लावत नाही. धार असली की चांगल्या चिपा उडतात, नसली की नुसता भुसा. परळच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर निवत गेल्या. भुशाचे पीठ पाडणारी ही गिरणी तेवढी फुटपाथवर जोरात आहे.

बरे, एवढे सरपण जाळायचे कुठे? बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच बजावले. झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती इंच बघून मिळत नाही.

तेव्हा मंडळी, यंत्र लहान घ्या, सायलेन्सर शाबूत ठेवा आणि वाचलेल्या पैशांत एक गोल कानस आणि हेल्मेट घ्या.