पिकपला पिकप नाही

कोकणात मालाची छोटी गाडी चालवणारा कुणी भेटला तर त्याला ॲव्हरेज विचारू नका. ॲव्हरेजबद्दल तो खोटं बोलेल. ‘पिकप कसा आहे?’ असं विचारा. तो खरं सांगेल, आणि बराच वेळ सांगेल. ॲव्हरेज डिझेल भरताना कळतं आणि घरी येईपर्यंत विसरता येतं. पिकप मात्र घाटात कळतो, तोही मागून एसटी हॉर्न देत असताना.

माझ्या पुतण्याची, विनूची, पिकप गाडी गेल्या आंब्याच्या हंगामात पिकप न घेण्याच्या दुखण्याने बेजार होती. हापूसच्या पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूर गाठायचं म्हणजे पाली, नाणीज, साखरपा करत पुढे आंबा घाट चढायचा. साखरप्यापर्यंत गाडीचं वागणं कसं अगदी घरंदाज. घाट लागला, वळणावर गिअर खाली टाकून रेस दिली, की ती आधी जरा विचार करायची. विचार पूर्ण होऊन निघेपर्यंत पुढचं वळण हजर. विनू पायडल दाबत होता आणि शेजारी बसून मीही दाबत होतो. शेजारच्या माणसापुढे पायडल नसतं, पण भरलेली गाडी चढाला लागली की त्याचा उजवा पाय आपोआप मॅटमध्ये रुततो. एरवी माझा व्यायाम होत नाही, तो त्या दिवसांत झाला.

“काका, ही ऐकतच नाही,” विनू म्हणायचा. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा अधूनमधून लागायचा. ‘आपोआप जातो’ या कारणासाठी विनूने त्याची दखल घेतली नव्हती.

गाडी आजारी पडली की निदान टपरीवर होतं. चहा येईस्तोवर टर्बो गेला होता, भजी येईस्तोवर इंजेक्टर. एकाने डिझेलमध्ये पाणी असल्याचं छातीठोक सांगितलं. गाडीला नजर लागली आहे असं म्हणणाराही होता, आणि त्याचाच उपाय सगळ्यांत स्वस्त असल्यामुळे तो आधी झाला. लिंबू-मिरची बांधून गाडी पुन्हा घाटात गेली आणि लिंबू-मिरचीसकट तशीच रखडली.

शेवटी गाडी मेस्त्रींकडे गेली. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, हे पाहून विनूचा चेहरा पडला. पैसे द्यायचे तर बॉनेट तरी उघडायला हवं, अशी आपली अपेक्षा असते. मेस्त्रींनी आधी ड्रायव्हरच्या पायाखालची जाडजूड मॅट ओढून बाहेर फेकली. तिच्यामुळे पायडल पूर्ण खाली जात नाही, अशी निम्मी गिऱ्हाइकं आपल्याकडे येतात, म्हणाले. मग स्टिअरिंगखाली स्कॅनरचा कपलर लावला आणि विनूला म्हणाले, “सावकाश दाब.” पडद्यावर आकडे चढू लागले. आठ टक्के, बारा, चौदा. मग पाय खाली जात राहिला आणि चौदा तिथेच बसून. मग एकदम एकतीस. पिवळा दिवाही लागला. “नवं पायडल लागेल,” मेस्त्री म्हणाले आणि हात पुसून मोकळे झाले.

माझ्या डोक्यात पायडल म्हणजे लोखंडी पट्टी, तिला तार, तारेचं दुसरं टोक इंजिनाच्या पंपाला. जुन्या डिझेल गाड्यांत तसंच असायचं. पाय दाबला की तार ओढली जायची, डिझेल वाढायचं आणि मागच्या मोटारसायकलवाल्याचा शर्ट काळा व्हायचा. त्या काळ्या धुराला लोक ताकद समजत. आता तार नाही. १९८०च्या दशकात बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या आलिशान गाडीतून ती काढून टाकली. तो शहाणपणा उतरत उतरत आमच्या आंब्याच्या पेट्यांपर्यंत आला आहे. हल्लीचं पायडल इंजिनाला हात लावत नाही. ते फक्त व्होल्टेजच्या भाषेत, पाय किती खाली गेला एवढं ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळवतं.

म्हणजे हे देवळातल्या गाऱ्हाण्यासारखं झालं. पाय गाऱ्हाणं घालतो: घाट लागला आहे, माल भरलेला आहे, मागे एसटी आहे, तर थोडं डिझेल सोड. पायडलमध्ये एकाला दोन सेन्सर असतात, ते बाजूला उभे राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण दुप्पट ठेवलेलं असतं, म्हणजे दोघांचा हिशेब जुळतो की नाही हे ईसीयूला ताडून पाहता येतं. जुळला तर ती हवा किती आली, टर्बोचा दाब किती, इंजिन किती तापलं, धूर किती होईल, सगळं बघून कौल देते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर तर हा देव फारच कडक सोवळ्याचा झाला. आणि दोन साक्षीदारांत फरक पडला, तर ईसीयू दोघांवरही संशय घेते, दिवा लावते आणि गाडी कशीबशी घरी पोहोचेल एवढीच ताकद सोडते. आमच्या गाडीत एक साक्षीदार मधेच गप्प बसत होता.

पायडल बदलायला दोन-तीन बोल्ट आणि एक कपलर, एवढाच मामला. जुनं पायडल मी हौसेने मागून घेतलं आणि घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. आत काळी पट्टी, आणि तिच्यावरून फिरणारी केसासारख्या बारीक तारांची बोटं. पट्टीच्या सुरुवातीपासून मध्यापर्यंत, जिथे पाय दिवसभर असतो तिथे, झिजून गुळगुळीत चकाकी आली होती. पुढचा भाग बराचसा कोरा. नव्या पायडलात अशी घासाघासच नाही. लोहचुंबक फिरतो आणि सेन्सर दुरूनच ओळखतो. हे ज्या तत्त्वावर चालतं ते एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलं. तेव्हा आंबा कोल्हापूरला कसा जात असेल ते आपण कल्पनेने ओळखायचं.

त्या जुन्या पायडलात आणखी एक गंमत सापडली. दाबताना जास्त जोर लागतो आणि दाबून धरायला कमी. तार नसताना हा जोर कशाशी? तर मुद्दाम घातलेल्या घर्षणाशी. ते नसतं तर प्रत्येक खड्ड्यात पाय हलला असता आणि गाडी उचक्या देत गेली असती. शिवाय तारेची सवय लागलेल्या पायाला काहीतरी ओढल्याचं समाधान हवंच. पण याच घर्षणाने जगातल्या एका बड्या कंपनीला घाम फोडला होता. जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत टुंड्रा हा त्यांचा धिप्पाड पिकपही होता. काही पायडलांतले घासणारे भाग झिजून आणि दमटपणाने चिकटायला लागले होते, पाय उचलला तरी पायडल सावकाश वर यायचं. उपाय काय, तर पोलादाची एक चिमुकली चकती आत सरकवायची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष असेल, या शंकेपायी अमेरिकन सरकारने थेट नासाच्या इंजिनिअरांना कामाला लावलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला: गाडी भरधाव सुटावी असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. आमच्या मेस्त्रींना ही हकीगत सांगितली. ते म्हणाले, “मॅट बघितली होती काय त्यांनी?” बघितली होती. मॅटमध्ये पायडल अडकतं म्हणून टोयोटाने त्याआधी, २००९ मध्येच, गाड्या परत बोलावल्या होत्या. मेस्त्रींनी फक्त मान हलवली.

नवं पायडल बसल्यावर विनू इतका खूश झाला की जणू इंजिनच नवं आलं. इंजिन तेच होतं, ताकद कागदावर होती तेवढीच. फरक एवढाच की गाऱ्हाणं आता अर्धवट पोहोचत नव्हतं. माणसाला नेहमी जास्तच हवं असतं असं नाही, मागितल्याबरोबर उत्तर मिळालं तरी त्याचं पुष्कळ भागतं. पण विनूचं तेवढ्यावर भागलं नाही. पायडल आणि वायरिंगच्या मधे बसवायची एक डबी मिळते, तिने पिकप आणखी वाढतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं.

ही डबी काय करते ते मी मेस्त्रींकडून समजून घेतलं. पाय पाव दाबला तर ती ईसीयूला अर्धा दाबला म्हणून सांगते. बस्स. पूर्ण दाबल्यावर तीही पूर्णच सांगणार, त्याच्यापुढे सांगायला काही उरत नाही. आणि भरल्या गाडीचा पाय आंबा घाटात आधीच तळाला टेकलेला असतो! म्हणजे सिग्नलवरून झटकन सुटायची हौस असेल तर डबी घ्यावी. आमच्याकडे घाट आहेत, सिग्नल शोधावे लागतात. मी विनूला डबी घेऊ दिली नाही आणि काका म्हणून असलेला सगळा अधिकार त्यात खर्च केला.

तेव्हा पिकपवाल्यांनो, गाडी रेस घेत नसेल तर पहिल्यांदा मॅट काढा. मग एअर फिल्टर झटका, डिझेल फिल्टर बघा, टर्बोचा होज पाइप कुठे फाटलाय का ते हात लावून तपासा. त्यानंतर स्कॅनर लावून पायडल सावकाश दाबा. आकडे शून्यापासून न अडखळता चढले आणि पाय उचलल्यावर शून्यावर परत आले, तर पायडलला दोष देऊ नका, पैसे खिशात ठेवा. अडखळले तर पायडल बदला, बिल घ्या, आणि त्याच खेपेला शेजारचं ब्रेकचं पायडलही दाबून बघा. येताना गाडी रिकामी असली तरी घाट उतरायचा असतोच.