टोटल बरोबर आहे

लोहाऱ्यात लग्नाची भांडी भाड्याने देणारा माणूस म्हणजे तालुक्यातला सगळ्यात कडक ऑडिटर. वऱ्हाड हललं की तो पातेल्यात डोकं घालून मोजायला बसतो. एक पळी कमी भरली तर नवरीच्या बापाचं डिपॉझिट अडकलं म्हणून समजा. मग पळी शोधायला अख्खी भावकी लागते.

ऑपरेशन थिएटरातही मोजणी असते बरं का. पोट उघडण्याआधी मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजायचे, शिवण्याआधी पुन्हा मोजायचे, आकडा जुळला की सिस्टर 'काउंट करेक्ट' म्हणणार आणि सर्जन टाके घालणार. फरक एवढाच, की इथे डिपॉझिट पेशंटचं आणि पळीही त्याच्याच पोटात.

औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात १३ जुलै १९६३ रोजी एका बाळंतिणीची नसबंदी झाली आणि मॉप आत राहिला. १९ तारखेला पोट पुन्हा उघडलं तेव्हा पू आणि मॉप दोन्ही निघाले. २४ तारखेला बाई गेली. नवरा कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, हायकोर्टाने काढून घेतले, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९९६ मध्ये परत मिळवून दिले. मॉप आत सहा दिवस होता, प्रकरण तेहतीस वर्षं. वाद तरी कशावर? दवाखाना चालवणं हे सरकारचं सार्वभौम कार्य, म्हणून भरपाईतून सुटका आहे का, यावर! म्हणजे सैन्य, सरहद्द आणि मॉप एकाच फायलीत. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही. शिवाय नेमका कोणता डॉक्टर चुकला हे ठरलं नाही तरी भरपाई सरकारनेच द्यायची. तोपर्यंत ३६,००० रुपयांची किंमत पार घटली होती, हा भाग वेगळा.

आता कोणी म्हणेल, मराठवाड्याचं नशीबच असं. तर अमेरिकेचंही ऐका. बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे (वडील आपल्या यवतमाळच्या उटी गावचे) यांनी सहकाऱ्यांसोबत अशी ५४ प्रकरणं तपासून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांत मोजणी झाली होती, त्यांपैकी ८८ टक्के प्रकरणांत कागदावर आकडा 'बरोबर' होता! वस्तू पोटात, टोटल वहीत. आमच्या तलाठी सज्जाच्या दप्तरालाही हे इतकं सफाईने जमत नाही.

ऑकलंडकरांनी तर कमाल केली. २०२० मध्ये सिझेरियन करताना जेवणाच्या ताटलीएवढं, जखम उघडी धरायचं साधन आत विसरले. बाई दुखतंय दुखतंय म्हणत डॉक्टरांकडे खेटे घालत राहिली. साधन एक्सरेत दिसणारं नव्हतं, २०२१ मध्ये सीटी स्कॅनने सापडलं. मोजणीत चूक कशी झाली? झालीच नाही. ते साधन मोजायच्या यादीतच नव्हतं.

याच गावंड्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ बाबींची यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी मोठ्याने विचारायची. मॉप मोजले का, हाही त्यात प्रश्न. यादी उत्तम आहे. पण पीकविम्याचा पंचनामा बांधावर न जाता भरणाऱ्या प्रदेशात १९ बरोबरच्या खुणा करायला कितीसा वेळ लागतो? एक पेन, एक बैठक. पेशंट तोवर बाहेर स्ट्रेचरवर.